बाकावरची सहावी

आमच्यात बायका वयाने बसतात. प्रार्थनाघरात शिरल्यावर डावीकडचं पहिलं बाक सगळ्यांत म्हाताऱ्यांचं. सर्वांत थोरली भिंतीला टेकून, तिच्यानंतर तिच्याहून धाकटी, असं एकेक वाढदिवस उतरत बाक भरत जातं. यात लबाडी चालत नाही, कारण कोण कधी जन्मलं हे सगळ्यांना पाठ असतं, आणि जी विसरते तिला शेजारीण कोपर मारून आठवण करून देते. माझी लविनाआत्या या बाकावर सहावी होती. कुणाबद्दल लिहायचं तर जन्म, लग्न, मुलं अशी सुरुवात करावी हे मला माहीत आहे. पण आत्याच्या आयुष्यातली अकरा वर्षं या एका आकड्यावर तोललेली होती, म्हणून आकडा आधी.

बाकीचं थोडक्यात. लविना ब्रुबाकर ओंटारियोतच जन्मली आणि माहेरापासून चार मैलांवर दिली गेली. त्या चार मैलांसाठी ती पहिली दोन वर्षं रडली. नवरा ओसायस हा दिवसाला वीस शब्दांचा माणूस; त्यातले बारा घोड्यांशी. मुलं सात, नातवंडं मोजणं सोडून दिलेलं. ती उंच, रुंद हाडाची, बग्गीला घोडा जुंपायला कुणाची वाट न पाहणारी. शेवया हाताने कापायची, त्या इतक्या बारीक की सुपात शोधाव्या लागत. आणि तिचं हसू मोठं होतं, फारच मोठं. आमच्या पंथाच्या साध्या लोकांत साधेपणाने वावरायचं असतं, तिथे ते हसू लाल कपड्यासारखं दिसायचं. म्हणून प्रार्थनेच्या वेळी हसू आलं की ती टोपीची नाडी दातांत धरायची. तिच्या सगळ्या टोप्यांची डावी नाडी चावलेली असे.

आता पाय धुण्याबद्दल.

वर्षातून दोनदा, वसंतात आणि शरदात, आमच्याकडे प्रभुभोजन असतं. भाकर आणि द्राक्षारस झाला की डीकन, म्हणजे मंडळीचा नेमलेला सेवक, टबांत कोमट पाणी आणतो, आणि प्रभूने शेवटच्या रात्री शिष्यांचे पाय धुतले तसे आम्ही एकमेकांचे धुतो. पुरुष पुरुषांचे, बायका बायकांचे. जोड्या बाकावरच्या क्रमाने: पहिलीची दुसरी, तिसरीची चौथी, असं पुढे. धुऊन, पुसून झालं की उभं राहून एकमेकींना पवित्र चुंबन द्यायचं आणि म्हणायचं, "देव आपल्या दोघींना शांती देवो." जोडीदारीण निवडता येत नाही. शेजारी जी असेल ती आणि तिचे पाय.

लविनाआत्या आणि हेटी वेबर यांच्या जन्मात तीन आठवड्यांचं अंतर. त्यामुळे बाकावर त्या कायमच्या शेजारणी, आणि वीस वर्षं बहुतेक वेळा जोडीदारणीही. हेटीच्या डाव्या पायाचं दुसरं बोट पहिल्यावर चढलेलं आहे, हे तिच्या नवऱ्याच्या आधी आत्याला माहीत होतं असं आत्या म्हणायची. मग एका फेब्रुवारीत गोधडी झाली.

गोधडी दूरदेशीच्या दुष्काळग्रस्तांसाठी होती, लिलावात जायची होती. हेटीच्या घरी मोठ्या चौकटीवर ताणलेली, भोवती बारा बायका, दिवसभर टाके आणि गप्पा. हेटीचे टाके इंचाला दहा. आत्याचे इंचाला सात, तेही ती गोष्ट सांगत नसेल तेव्हा. आणि ती नेहमीच गोष्ट सांगत असे. संध्याकाळी सगळ्या पांगल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्याला चष्मा सापडेना, म्हणून ती परत हेटीकडे गेली आणि दार लोटून आत शिरली. हेटी चौकटीशी बसून लहान कात्रीने आत्याचा कोपरा उसवत होती. सगळा कोपरा. गुलाब, पानं, किनार. दोऱ्याची कापलेली टोकं तिच्या मांडीवर मुंग्यांसारखी पडलेली.

हेटीने वर पाहिलं. आत्याने खाली पाहिलं.

"चष्मा खिडकीत आहे," हेटी म्हणाली.

आत्याने खिडकीतून चष्मा घेतला आणि घरी आली. भांडण म्हणतात ते एवढंच. पुढे अकरा वर्षं त्यांच्यात एकही वाकडा शब्द गेला नाही. हवा कशी आहे, कोंबड्या अंडी घालतायत का, धाकटीचं लग्न कधी, सगळं नीट बोलायच्या. तुमच्याकडे भांडणात भांडी आपटत असतील. आमच्याकडे ती हळू ठेवतात.

आणि त्याच एप्रिलमध्ये, प्रभुभोजनाच्या नऊ दिवस आधी, बाकावरची तिसरी, हॅना मेट्झगर, एक्याण्णवाव्या वर्षी झोपेत गेली. तिच्यानंतरच्या सगळ्या एकेक जागा वर सरकल्या. आत्या नववीची आठवी झाली, हेटी दहावीची नववी. आठवीची जोडी सातवीशी, नववीची दहावीशी. दोघी अजून मांडीला मांडी लावून बसत होत्या, पण पाय वेगळ्या टबांत.

आत्याने यात देवाचा हात पाहिला. "देव सगळं योजनेने करतो," ती ओसायसकाकांना म्हणाली.

"हॅनालाही विचारलं असेल ना योजना करताना," काका म्हणाले. ते त्या दिवसाचे शेवटचे शब्द होते.

देवाची योजना टिकवायला मात्र माणसाला बरीच मेहनत पडते. वरच्या बाजूने एक जरी कमी झाली तरी सगळं पुन्हा फिरायचं. वरच्या दोघी वारल्या, पण सुदैवाने एकाच हिवाळ्यात, त्यामुळे आत्या आठवीची थेट सहावी आणि हेटी सातवी, जोड्या शाबूत. एकदा दुसरी फ्लूने आली नाही आणि जोड्या सरकल्या, तेव्हा आत्या ऐन टबाच्या वेळी उठून बाहेर गेली, कारण तिचा घोडा बिथरला होता. घोडा बाहेर उभ्याउभ्या झोपला होता. आणखी एकदा तिने दाढदुखीचं निमित्त काढून घरी राहून पाहिलं, तर मंगळवारी डीकन बायकोला घेऊन दारात उभा. आधी आत्म्याची चौकशी, मग दाढेची.

इथे कुणी विचारेल, एवढंच होतं तर स्पष्ट सांगायचं. पण आमच्याकडे भोजनाच्या दोन आठवडे आधी विचारणा असते. डीकन बाकामागून बाक फिरतो, प्रत्येकीपाशी वाकतो, आणि प्रत्येकीने हळू सांगायचं: देवाशी आणि माणसांशी माझी शांती आहे, मला भोजनाला यायचं आहे. एकानेही "नाही" म्हटलं तर भोजन थांबतं, सगळ्यांचं. माझ्या जन्माआधी एका डुकरापायी ते सहा महिने थांबलं होतं, आणि त्या डुकराचं नाव अजून घेतलं जातं. एकशे चाळीस माणसांचं भोजन एका गोधडीच्या कोपऱ्यासाठी अडवायचं आणि डुकराच्या पंगतीत जाऊन बसायचं, हे आत्याला झेपणारं नव्हतं. म्हणून अकरा वर्षांत बावीस वेळा ती डीकनला म्हणाली, "शांती आहे." तिचं म्हणणं, हे खोटं नव्हे. हेटीचे पाय लांब आहेत तोवर शांती आहेच. पण पाय हातात घेऊन, तोंडासमोर तोंड आणून तेच म्हणायचं, हे तिला जमणार नव्हतं. "डीकनशी थोडं इकडेतिकडे चालतं," ती मला म्हणाली होती. "पायांशी नाही चालत."

तर अकराव्या वर्षी, ऑगस्टमध्ये, बाकावरची पहिली पडली.

सलोमीआजी तेव्हा शहाण्णव वर्षांची. घेवड्याच्या वाफ्यात वाकली आणि सरळच झाली नाही. हाड मोडलं नव्हतं, पण डॉक्टर म्हणाला की हृदय दमलं आहे, आता दिवस मोजायचे. सलोमीआजी म्हणाली, बरं झालं, मीही दमले आहे. तिची सगळी तयारी होती. पांढरा कपडा पेटीत इस्त्री करून, गाणी निवडून, एका भाच्याला अंत्यविधीच्या जेवणातून वगळून.

आत्याला बातमी कळली तेव्हा ती टोमॅटो भरत होती. तिने बोटांवर काहीतरी मोजलं, बरणी तशीच ठेवली आणि कोंबडी कापायला घेतली.

दुसऱ्या दिवसापासून लविनाआत्या रोज सकाळी सलोमीआजीकडे. कोंबडीचं सूप, बारीक शेवया, वर अजमोदा. आजीला आंघोळ घालायची, तिचे पाय कोमट पाण्यात धुऊन तेल लावायची, उशा बदलायची, खिडकी उघडायची, खिडकी लावायची. ओसायसकाका आठवडाभर थंड जेवले आणि काही बोलले नाहीत, पण ते एरवीही बोलत नसत. रोज उठल्याउठल्या आत्या गुडघे टेकून प्रार्थना करायची: प्रभो, सलोमीमावशीला ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारपर्यंत ठेव. मग जरा लाजून पुढे जोडायची: आणि पुढेही, तुझी इच्छा असल्यास.

सप्टेंबरमध्ये उपदेशकाने नाव न घेता तिला उपदेशात घातलं. म्हणाले, आपल्यात अशी एक बहीण आहे, जी स्वतःचं घर बाजूला ठेवून थकल्या जिवाची सेवा करते. हीच आत्म्याची पक्व अवस्था. पोरवय सरलेल्या विश्वासाला असं फळ धरतं. सगळी बाकं न वळता आत्याकडे वळली. आत्याने नाडी दातांत धरली. लोकांना वाटलं नम्रता.

तिला खुपत होतं ते वेगळंच. शेजारच्या हेटीनेही तेव्हा मान खाली घातली होती. कारण संध्याकाळच्या फेरीला हेटी असायची. घेवड्याचं सूप, दूध आणि लोणी घालून, वर कांदा. तीही आजीचे पाय धुवायची. म्हणजे उपदेशातली बहीण कोण हे मंडळीत नक्की होत नव्हतं. निम्मी मंडळी एकीकडे, निम्मी दुसरीकडे. पक्वतेच्या बाबतीतही हेटी इंचाला दहा टाके घालते आहे, हे आत्याला असह्य झालं. तिने शेवया आणखी बारीक केल्या.

आणि सलोमीआजी सुधारली. नाइलाजाने. गालांवर रंग आला, पायांची सूज उतरली. डॉक्टरने नाडी पाहून डोकं खाजवलं.

विचारणेचा दिवस आला. आजी अजून घरीच, म्हणून डीकन ॲम्सी तिच्याकडे जाऊन आला. परतला तो गोंधळून. बिशपला बाजूला घेऊन म्हणाला, "सलोमी म्हणते, देवाशी शांती आहे, माणसांशी शांती आहे. सुपाशी नाही."

बिशपने बराच विचार केला. "सूप मंडळीचं सभासद नाही," ते म्हणाले. "पुढे जाऊ."

ॲम्सी मग आत्यापाशी वाकला. "शांती?"

"आहे," आत्या म्हणाली. बाविसावी वेळ. तिच्या शेजारून हेटीचंही "आहे" आलं, तेवढंच घाईचं.

भोजनाच्या आधीच्या गुरुवारी आत्या नेहमीप्रमाणे वाटी घेऊन खाटेशी बसली. सलोमीआजीने तोंड मिटून घेतलं.

"मावशी, एक घास."

"लविना, मी किती दिवस झोपून आहे?"

"सात आठवडे होतील."

"आठवड्याला चौदा वाट्या. तुझ्या सात, हेटीच्या सात. मेंढ्यांना नाताळात इतकं कुणी भरवत नाही. ख्रिस्ती प्रेमाने माणूस मरतो तो असा." मग तिने आत्याकडे नीट पाहिलं. तिचे डोळे शेवटपर्यंत स्वच्छ होते, त्याचा अनेकांना त्रास झाला. "बरं, मला एक सांग. मी आज गेले तर बाकावर तू कितवी?"

"पाचवी," आत्या म्हणाली. आणि मग तिने हातातल्या वाटीकडे पाहिलं, कारण उत्तर प्रश्नाच्या शेपटीवरच बसलं होतं.

"आणि हेटी?"

आत्याने चमचा वाटीत ठेवला.

"काल हेटीलाही विचारलं. तिनेही उत्तर जिभेवर तयार ठेवलेलं. सहावी, म्हणाली. बोटंसुद्धा मोजावी लागली नाहीत." आजी उशीवर मागे रेलली. "मला वाटत होतं दोघींना माझा लळा लागला. शहाण्णव वर्षं जगले ती बाकाचा खिळा व्हायला."

"मावशी, तसं नाही—"

"तसंच आहे. लाज वाटून घेऊ नकोस, सूप बरं होतं. हेटीच्यात मीठ कमी." तिने पांघरूण नीट केलं. "शहाणपण कमी पडलं तर देवाकडे मागावं, तो हात आखडत नाही, हे लहानपणी पाठ केलं होतंस ना? माझ्याच वर्गात केलंस. मागितलंस का?"

"रोज मागते."

"काय मागतेस?"

आत्याने सांगून टाकलं. "तुझं आयुष्य."

"ते शहाणपण नव्हे, लविना. ते सामान आहे. सामान मागितलंस, सामान मिळालं, आणि ते इथे पडून आहे, पाठीला फोड घेऊन." आजीने वाटी हाताने दूर सारली. "रविवारी मला प्रार्थनाघरात न्या. दोघींनाही तेच हवं आहे ना? येते मी."

आत्या घरी आली ती जड होऊन. तिने त्या दिवशी प्रार्थना केली का, हे मी तिला विचारलं होतं. म्हणाली, गुडघे टेकले, पण तोंडाशी काहीच येईना, कारण जे येत होतं ते सगळं सामानच होतं. मग तशीच बसून राहिली. गुडघे दुखले. उठली. तिला वाटलं, देवाने काही उत्तर दिलं नाही. मग वाटलं, बरंच झालं. मावशी येते म्हणालीय, सहावी जागा शाबूत आहे, या वेळी शहाणपणाशिवायही भागेल.

ऑक्टोबरचा पहिला रविवार स्वच्छ उजाडला. रस्त्याकडेचे मेपल लाल झालेले, शेतांत भोपळे. सलोमीआजीच्या दारात एकदम दोन बग्ग्या आल्या, एक पूर्वेकडून, एक पश्चिमेकडून. दोन्ही घोड्यांनी एकमेकांना ओळखलं. ते कधी भांडले नव्हते.

"मी नेते मावशीला," आत्या म्हणाली.

"माझ्या बग्गीला स्प्रिंगा नव्या आहेत," हेटी म्हणाली.

"माझ्यात लोकरी पांघरूण आहे."

"माझ्यात दोन आहेत."

आतून आजी ओरडली, "पांघरुणं इकडच्या बग्गीतून तिकडच्या बग्गीत टाका, आणि दोघी एकीतच बसा! मला मध्ये बसवा. वारा लागायला नको."

तीन मैल त्या तिघी एका बाकावर चेपून आल्या. लगाम आत्याकडे. वाटेत आजी झोपली, किंवा झोपल्यासारखं केलं, तिचं डोकं कधी या खांद्यावर, कधी त्या. दोघी तिला सावरत राहिल्या. त्यांना एकमेकींशी बोलावं लागलं ते इतकंच: "धर." "धरलंय." हेटीची रिकामी बग्गी मागून तिचा नातू घेऊन येत होता, आणि ती पाहून वाटेतल्या लोकांना वाटलं, म्हातारी गेली.

प्रार्थनाघरात आजीला भिंतीशी बसवलं. बाक भरलं. आजी पहिली, नॅन्सी फ्रे दुसरी, पुढे तिसरी, चौथी, पाचवी, मग आत्या सहावी, हेटी सातवी. आत्याने नुसत्या नजरेने मोजलं. मग पुन्हा मोजलं. मी चार बाकं मागे होते. तिचे खांदे सैल झालेले मला तिथून दिसले. उपदेश दोन तास चालला. भाकर झाली, द्राक्षारस झाला. ॲम्सीने टब आणले, वाफ निघणारे, आणि सगळीकडून मोजे उतरवण्याची ती ठरलेली सळसळ सुरू झाली.

नॅन्सी सलोमीआजीच्या मोज्याला हात घालायला वाकली.

"माझे नको," आजी म्हणाली.

नॅन्सी दचकली. "बरं वाटत नाहीये का, सलोमी?"

"सात-आठ आठवडे माझे पाय रोज दोनदा धुतले जातायत. आणखी धुतले तर विरघळतील." ती हळू बोलत नव्हती, बहिऱ्या बाकावर वीस वर्षं काढलेली, तिला हळू बोलणं ठाऊकच नव्हतं. "मी सोडून मोजा. नॅन्सी, तू तुझ्या पुढचीशी कर."

नॅन्सी वळली. तिसरीने खांदे उडवून तिचा पाय घेतला. चौथीने पाचवीचा. ते सगळं बाकावरून वाऱ्यासारखं सरकत आलं आणि लविनाआत्यापाशी थांबलं. पाचवी चौथीकडे गेली होती. उरली हेटी.

आत्याने दाराकडे पाहिलं.

"घोडा शांत आहे, लविना," भिंतीकडून आजीचा आवाज आला. "आत्ताच पाहून आलो आपण."

मागच्या बाकांवर कुणीतरी खोकलं. आत्या उठली नाही. अकरा वर्षं ती ज्या एका क्षणापासून पळत होती तो टबाच्या रूपाने समोर येऊन ठेपला होता, आणि पाणी निवत होतं.

हेटी आधी वाकली. तिने टब पुढे ओढला, आणि तिचा हात टबाच्या काठाऐवजी त्याच्या बाजूच्या फळीवर पडला. मग काठ चाचपून सापडला. मग आत्याचा पाय, तोही चाचपून. आत्याला विचित्र वाटलं. हेटीचे हात कधी काही चाचपणारे नव्हते. तिने धुतलं, पुसलं, टॉवेल आत्याच्या हातात दिला आणि बसली.

आता आत्या गुडघ्यांवर. तिने हेटीचा डावा मोजा उतरवला आणि तिथेच थांबली.

काळ्या लोकरीच्या मोज्याची टाच रफू केलेली होती. निळ्या दोऱ्याने. टाके इंचाला चार, वाकडे, एकमेकांवर चढलेले, हेटीच्या त्या बोटांसारखे. सहा वर्षांच्या पोरीचं पहिलं काम असावं तसं. आत्याने मोजा उजेडाकडे धरला. मग वर पाहिलं. हेटीच्या डोळ्यांत बुबुळावर पातळ दुधाळ साय दिसली, थंडीत बादलीच्या पाण्यावर सकाळी धरते तशी.

आत्याने नंतर मला सगळं खरं सांगितलं, आणि म्हणूनच मी ते लिहिते: तिला पहिल्यांदा जे वाटलं तो आनंद होता. शुद्ध, गरम, पापी आनंद. इंचाला चार! मग दुसऱ्या क्षणी तिला हेटीच्या स्वयंपाकघरातली ती खिडकी आठवली, आणि त्या खिडकीशी बसून निळा दोरा काळा समजून सुईत ओवू पाहणारी बाई, एकटी, किती वेळ कुणास ठाऊक. आणि तिला विचारायला कुणी नव्हतं, कारण जिने विचारलं असतं ती अकरा वर्षं नुसती हवेबद्दल बोलत होती.

"हेटी," आत्या कुजबुजली, "हे टाके कुणी घातले?"

"मीच."

"उसवायला हवेत."

हेटीच्या तोंडाचा कोपरा हलला. "उसव की," ती म्हणाली. "सूड घेतेस तर नीट घे, किनारीपासून."

नाडी दातांत धरायला आत्याला वेळच मिळाला नाही. ते हसू फुटलं ते सगळं, अकरा वर्षांचं साठलेलं, भरल्या प्रार्थनाघरात, प्रभुभोजनाच्या दिवशी, गुडघ्यांवर, एका हातात मोजा आणि दुसऱ्यात हेटीचा पाय. टबातलं पाणी फळ्यांवर सांडलं. पुरुषांच्या बाजूला सगळं थांबलं. ओसायसकाकांचे पाय कुणीतरी अर्धे धुतलेले, ते तसेच ओले राहिले. हेटीही हसत होती, आवाज न करता, डोळे पुसत. बिशपने घसा साफ केला, वर पाहिलं, खाली पाहिलं, आणि गाणं सुरू करायची खूण केली, नेमलेल्या वेळेच्या आधीच.

त्या गाण्याच्या आवाजात आत्याने पाय धुतला, तो चढलेल्या बोटांमधून नीट पुसला, उभी राहिली आणि हेटीला चुंबन दिलं. "देव आपल्या दोघींना शांती देवो," ती म्हणाली.

"गुलाब चांगला होता," हेटी म्हणाली. "पानं वाईट होती. गुलाब उसवायला नको होता मी."

"देव शांती देवो म्हण, हेटी."

"देव शांती देवो."

लोकांनी नंतर याचे बरेच अर्थ लावले. उपदेशक म्हणाले, पवित्र आत्मा कधी कधी आनंदाच्या रूपाने येतो. सलोमीआजीला विचारलं तर ती म्हणाली, "कधी कधी तो सूप पिऊन कंटाळतो."

सोमवारी आत्या सुयांची डबी घेऊन हेटीकडे गेली. मोज्याची टाच उसवली आणि काळ्या दोऱ्याने परत भरली, इंचाला सात. हेटीने बोटांनी चाचपून पाहिलं आणि काही न बोलण्याचा मोठेपणा केला. तेव्हापासून दर सोमवारी आत्या वीस सुया ओवून हेटीच्या खिडकीच्या पडद्याला टोचून ठेवते, दहा काळ्या दोऱ्याच्या डावीकडे, दहा पांढऱ्या उजवीकडे, म्हणजे आठवडाभर हेटीला कुणाला हाक मारावी लागत नाही. शहरात जाऊन डोळ्यांचं ऑपरेशन करायचं की नाही यावर त्या दोघी भांडतात. आता मोठ्याने भांडतात.

सूप मात्र दोघींनीही त्याच आठवड्यात बंद केलं, कुणी ठरवून नाही. सलोमीआजी आणखी दीड वर्ष जगली, ब्रेड आणि कॉफीवर. "शांती झाली आणि मी उपाशी राहिले," असं ती येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची. पुढच्या दोन्ही भोजनांना तिने भिंतीशी बसून टब दिसताच म्हटलं, मी सोडून मोजा. मग एका मार्चमध्ये, बर्फ वितळत असताना, ती तिच्या इस्त्रीच्या पांढऱ्या कपड्यात गेली, आणि मोजताना तिला सोडायची गरज उरली नाही. वगळलेला भाचा जेवणाला आलाच.

त्यामुळे आता नॅन्सी फ्रे भिंतीशी आहे, लविनाआत्या पाचवी, हेटी सहावी. नियमाने, रीतसर जोडी. फक्त नॅन्सीला नाताळापासून खोकला आहे आणि तो जात नाही. वयही झालं, एकोणनव्वद. ती गेली तर सगळं पुन्हा एका जागेने सरकेल, आणि आत्या चौथी, हेटी पाचवी, टब वेगळे.

परवा मी रस्त्यावरून आत्याची बग्गी जाताना पाहिली. लगाम तिच्या हातात, शेजारी हेटी. दोघींच्या मांडीवर एकेक झाकलेलं पातेलं होतं.